बटणं लावलेला शर्ट

माजी सैनिकाचा अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला गेला, तेव्हा तो कारण विचारायला खिडकीपाशी गेला. कारकून बाईंनी फाइल उघडून डॉक्टरांचा शेरा वाचून दाखवला. "तपासणीला नीट बटणं लावलेला शर्ट घालून आले. बोटांचं काम व्यवस्थित चालतं."

"स्फोट झाल्यापासून बोटं वळतच नाहीत, बाई. बटणं मी नाही लावत."

"मग कोण लावतं?"

"बायको."

"अहो काका, हे आधी नाही का सांगायचं! उद्या त्यांना घेऊन या. त्यांचा जबाब घेतला की झालं काम."

"ती दोन वर्षांपूर्वी गेली."

बाईंनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. गळ्याचं एक सोडलं तर सगळी बटणं ओळीने लावलेली होती.

"मग आजची कुणी लावली?"

"तिनेच."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. तो पुढे काही सांगणार, तोच बाईंनी फाइल मिटली. "चला, पुढचे कोण?"

घरी येऊन त्याने खांद्याने दार लोटलं. मान खाली घातली, मागची कॉलर दोन्ही मनगटांत पकडली आणि शर्ट डोक्यावरून जपून ओढून काढला. आजारपणातल्या शेवटच्या महिन्यात, उशीला टेकून बसल्या बसल्या, तिने त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं लावून ती काजांसकट शिवून टाकली होती. त्याचं डोकं जाईल एवढा गळा तेवढा मोकळा ठेवला होता.