आखाजीचा झोका

जीवरामआबांनी तेजसच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. अंगणात जमलेल्या भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. तेजसला काय करावं ते सुचेना. रावेरहून एरंडोलला तो आला होता, तो शिव्या खायच्या तयारीने.

तसा पराक्रमही त्याने केला होता. व्हिडिओ गेम खेळून त्यांच्याबद्दल मतं सांगणारा त्याचा चॅनल जळगाव-धुळ्याकडची पोरं आवडीने बघत. मध्यंतरी हैदराबादला गेमचं मोठं प्रदर्शन भरलं. "नवीन येणारे सगळे गेम मी स्वतः खेळतो आणि तुम्हाला सांगतो," असं त्याने छाती फुगवून जाहीर केलं. मग आयोजकांचा निरोप आला, पास मिळणार नाही. आता माघार कोणत्या तोंडाने घ्यायची? साहेब धुळ्याच्या देवपुरात मित्राच्या खोलीत दार लावून बसले. प्रदर्शनात गेलेल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे आणि त्यावर आपली मतं ठोकून द्यायची, असा धंदा सुरू झाला. बर्फाचा डोंगर चढायच्या गेममध्ये म्हणे त्याची बोटं गारठली. गाड्यांच्या शर्यतीत म्हणे तो पहिला आला. पोरांना सगळं खरं वाटलं.

पण सगळंच चांगलं म्हटलं तर कुणाला पटणार? नावं ठेवायला एखादा गेम हवा होता, आणि मोठ्या कंपन्यांच्या वाटेला जायची हिंमत नव्हती. एका व्हिडिओच्या कोपऱ्यात त्याला छोटासा स्टॉल दिसला. बाहेर पोस्टर होतं. कडुनिंबाला बांधलेला झोका, झोक्यावर एक पोरगी आणि खाली नाव, 'आखाजी'. आता खान्देशातल्या माणसाला आखाजी म्हटल्यावर झोक्याशिवाय दुसरं काय सुचणार? अक्षय्य तृतीयेच्या या सणाला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावरून उतरतच नाहीत. तेजस बिनदिक्कत बोलून गेला, "झोक्याचा गेम आहे. तिसऱ्या झोक्याला पोरगी धाडकन पडते. मी किती वेळा खेळलो, दर वेळी तेच! कुणी बनवलंय हो हे?"

बनवला होता नूतनने, जीवरामआबांच्या मुलीने. आखाजीच्या आधी आबांचा फोन आला, सणाला जेवायला या म्हणून. नाही म्हणायला तेजसला सबब सापडली नाही.

"आमनी पोरना गेम यास्नी हैदराबादले जाईसनी खेया!" आबा भाऊबंदांना सांगत होते. "नावं ठेवात ते ठेवात, पन खेयात ना! मी यास्ना व्हिडिओ बठ्ठा गावले दखाडा."

पानात खापरावरची पुरणपोळी आली, वाटीत आंब्याचा रस आला. व्हिडिओ सगळ्या गावाला दाखवलाय हे ऐकून तेजस पानात नुसती बोटं फिरवत राहिला. कसंबसं जेवण आटोपून तो हात धुवायला अंगणाच्या कडेला गेला. मागून नूतन तांब्या घेऊन आली.

"तेजसभाऊ," हातावर पाणी घालता घालता ती हळूच म्हणाली, "आमचा स्टॉल उघडलाच नव्हता. कॉम्प्युटर पहिल्याच सकाळी बंद पडला. प्रदर्शन संपेपर्यंत मी स्टॉलच्या पडद्यामागे नुसती बसून होते. आणि मी तिथे नेलेल्या गेममध्ये झोका नव्हताच. सासरहून निघालेली पोरगी माहेरच्या दारात पोचते, तिथे तो गेम संपतो. झोका नुसता पोस्टरवर होता."

तेजसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पोरगी तिथे एकटी तोंड लपवून बसली होती, आणि तो देवपुरात बसून तिची टिंगल करत होता.

"मी आत्ता आबांना खरं सांगतो," तो म्हणाला. "व्हिडिओ काढून टाकतो."

"नका काढू. पुष्कळ लोक खेळून गेले, असं मी घरी सांगितलंय. आबा म्हणाले, एक तरी दाखव. तुमच्याशिवाय दाखवायला होतं कोण? तुमचा व्हिडिओ बघितल्यापासून ते मला हे गेम बनवणं सोड म्हणत नाहीत."

तेवढ्यात आबांची हाक आली. "भाऊ, या! आमना समोर खेयी दखाडा. झोकावरतीन पोर कशी पडस ते दखू द्या आमले!"

अंगणात आणलेल्या टीव्हीला लॅपटॉप जोडून ठेवला होता. माणसं सतरंजीवर सरसावून बसली होती. नूतनची आई सुनंदाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. कुणीतरी तेजसच्या हातात कंट्रोलर दिला. गेममध्ये झोका नाही, म्हणजे आता सगळं उघडं पडणार. त्याची अब्रू तर जाईलच, आणि ती जायलाच हवी होती. पण त्याच्यापायी नूतनही तोंडघशी पडणार होती. निदान आपलं पाप आपण कबूल करावं, म्हणून त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आबा, मी तिथे..."

नूतनने पटकन गेम सुरू केला. पडद्यावर धुळीचा रस्ता आला. रस्त्याच्या टोकाला घर, घरापुढे कडुनिंब. कडुनिंबाला झोका होता. तेजसचं वाक्य तोंडातच राहिलं. त्याने बटण दाबलं. पोरगी झोक्यावर बसली. एक झोका गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला पोरगी धाडकन धुळीत पडली.

"पडनी!" आबांनी मांडीवर थाप मारली. "भाऊनी सांगं तशीच पडनी!" अंगणभर हसू उसळलं. सुनंदाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या.

तेजसने नूतनकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"आबांनी तुम्हाला जेवायला बोलावलं त्याच दिवशी मी गेममध्ये झोका बांधला," ती त्याला ऐकू जाईल इतकंच बोलली. "बांधायला वेळ नाही लागला. तिला पाडणं मात्र फार जिवावर आलं."