हाताचा अंदाज

झाकणाखाली वायर चेंगरते, म्हणून बॅरलच्या कुशीला भोक पाडून घेतलं होतं. त्या भोकातून हौशीराम दोन बारीक वायरी आत सारत होता आणि पुटपुटत होता. एका वायरीच्या टोकाची सुई बोकडाच्या अख्ख्या तंगडीत खुपसायची, दुसरी जाळीजवळ मोकळी सोडायची. बाहेर टेबलावर डबीएवढं मीटर आतला ताप दाखवणार. उरलेली फट त्यानं कणकेच्या गोळ्यानं बुजवली. मीटरवर त्याचा राग होता, पण धूर वाया घालवणं त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं.

राजुरीच्या शिवारात सुदर्शननं पुण्याच्या पाहुण्यांसाठी मळ्यातच हॉटेल काढलं होतं. डिझेलचं बॅरल आडवं चिरून त्याची भट्टी करून घेतली होती. खाली कोळसा, वर जाळी, आणि झाकण लावून पाच तास धुरावर मटण. भट्टीवर हौशीराम. गावोगावच्या जत्रांना मटण शिजवून म्हातारा झालेला आचारी. आच बघायची त्याची रीत साधी होती. झाकण उचलायचं, जाळीवर तळहात धरायचा आणि मोजायचं. दहाच्या आत हात ओढावा लागला तर कोळसा काढायचा. दहाच्या पुढं गेलं तर घालायचा.

पण गेल्या उन्हाळ्यापासून मटण करपायला लागलं. पाहुण्यांनी दोनदा ताटं परत पाठवली. हौशीराम कोळशाला शिव्या घालायचा. बाभळीचा कोळसा पहिल्यासारखा राहिला नाही म्हणायचा, वीस मोजले तरी हाताला ऊब लागत नाही, मग घालू नको तर काय करू? सुदर्शननं ऐकून घेतलं आणि दुबईच्या मित्राकडून मीटर मागवलं. आज सकाळी त्यानं हौशीरामला सरळ सांगून टाकलं, की मीटरवर काम भागलं तर नानांनी भांडी बघावीत, भट्टी कुणीही सांभाळेल. हौशीरामच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याला चार गावं आचारी म्हणत होती, त्यानं आता भांडी घासायची.

अकराच्या सुमारास मीटरवर एकशे नव्वद आले. हवे होते एकशेवीस. सुदर्शन म्हणाला, कोळसा काढा. हौशीराम म्हणाला, भट्टी थंडगार पडलीय, अजून घालायला हवा. झाडाखाली बसलेल्या वीसेक पाहुण्यांना आयती करमणूक झाली. सुदर्शनची चुलतबहीण वृषाली पुण्यात डॉक्टर होती. तीही खुर्ची ओढून पुढं सरकली. मागल्या पडवीत हौशीरामची बायको साळुबाई भाकऱ्या थापत होती, ती दारात येऊन उभी राहिली.

"शेठ, यंत्र खोटं बोलतंय," हौशीराम म्हणाला. "माजा हात कधी खोटं बोलला न्हाई."

त्यानं झाकण उचललं, बाही वर केली आणि तळहात जाळीवर धरला. एक, दोन, तीन. दहा झाले. पाहुणेही त्याच्याबरोबर मोजायला लागले. वीस झाले. हौशीरामचा आवाज हलला नाही की कपाळाला आठी पडली नाही. तिसाला त्यानं सावकाश हात काढला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सुदर्शनचं तोंड एवढंसं झालं. त्यानं मीटर बंद केलं, जाळीजवळची वायर ओढून काढली आणि म्हणाला, नाना, भट्टी तुमचीच. हौशीरामचे डोळे भरून आले. पोराच्या लग्नातसुद्धा त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

वृषालीनं टाळी वाजवली नव्हती. केस जळल्याचा वास तिला आला होता. ती त्याच्या तळहाताकडं बघत होती, आणि तळहातावर फोड उठत होते. तिनं सुदर्शनच्या हातातली वायर घेतली.

"काका, डोळे मिटा. वायर हाताला लागली की सांगा."

हौशीरामनं हसत डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"लावा की, ताई."

तोवर तिची चारदा लावून झाली होती.

मग तिनं त्याची बाही आणखी वर केली. कोपराजवळ फिकट चट्टा होता. हौशीराम म्हणाला, वर्ष झालं असेल, खाजत नाही, दुखत नाही, कोण लक्ष देतंय. वृषाली शिकलेली बाई, पण तिनं आजाराचं नाव सगळ्यांदेखत घेतलं. कुष्ठरोग. पाठोपाठ घाईघाईनं सांगितलं, की गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि हातच्या खाण्यातून तो पसरत नाही. तेवढं ऐकायला कुणाला सवड होती? कुणीतरी 'महारोग' म्हणालं आणि माणसं उठली. एकजण नळावर जाऊन चुळा भरत राहिला. गाड्या सुरू झाल्या. सुदर्शन त्यांच्यामागं हात जोडत धावला. हौशीरामनं शिजलं होतं तेवढं मटण ताटात वाढून वृषालीपुढं ठेवलं. भूक नाही, ती म्हणाली.

हौशीराम मागल्या पडवीत गेला. साळुबाई चुलीपाशी रडत बसली होती. चाळीस वर्षं ती त्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. त्यानं भाजलेला हात पुढं केला आणि पाणी मागितलं. ती उठली, तांब्या भरला, आणि दोन पावलं लांब उभी राहून वरूनच त्याच्या हातावर धार धरली.