उघडून पाहिल्याबिगर

गुरुवारी दुपारी चार वाजता पाहुणे आले. रिपोर्ट आला नव्हता.

भारतच्या प्रोस्टेटच्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला, त्याला आठवडा उलटला होता. गुरुवारी संध्याकाळपर्यंत फोन करतो, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोबाइल भारतच्या शर्टाच्या खिशात होता. बैठकीतल्या प्रत्येकाची नजर अधूनमधून त्या खिशावर जाऊन येत होती.

भारतची बायको ज्योत्स्ना आतल्या खोलीच्या दारात उभी होती. पाहुणे बोलावले तिच्या मोठ्या दिरानं, अप्पारावांनी; पण मान तिनं डोलावली होती. सोमवारी अप्पाराव तिला हळूच म्हणाले होते, "रिपोर्ट यायच्या आधी आकांक्षाचं ठरवून टाकू. बापामाघारी पोरीला स्थळ येत न्हाई. आलं तर अटी घालत येतं." ज्योत्स्नाला ते खोटं वाटलं नाही. तिचं स्वतःचं लग्न वडील गेल्यावर असंच मामाच्या अंगणात उरकलं होतं.

भारतला हे आज सकाळी कळलं. मंठ्यात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आठवडाभर त्यानं ते एक दिवसही बंद ठेवलं नाही. विहिरींवरच्या जळक्या मोटरी येत होत्या आणि तब्येत विचारायला माणसं येत होती. चेहरा पाडून जो येई, त्याच्या हाती तो तांब्याच्या तारेचं टोक देई आणि ताणून धर म्हणे. डॉक्टरांना काय वाटतं, असं एकानं विचारलं, तेव्हा म्हणाला, "मोटर उघडून पाहिल्याबिगर जळाली म्हणायची न्हाई. आपल्या दुकानाचा नियम हाये." माणसं हसत घरी जात.

ज्योत्स्ना हसली नव्हती. त्याचं रात्री वारंवार उठणं तिनं वर्षभर वयावर ढकललं होतं. ओळखलं ते आकांक्षानं. ती जालन्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत आली, बापाचं उठणं ऐकलं आणि त्याला चालू दुकानातून उठवून रक्त तपासायला घेऊन गेली. आता तीच आत साडी नेसून बसली होती. बोलावल्याशिवाय तिला बाहेर येता येणार नव्हतं.

मुलाचे वडील वसंतराव सरळ माणूस होते. मुलगा प्रेम वाळूजला कंपनीत होता. मान खाली घालून चहा पीत होता. वसंतराव म्हणाले, मुलगी पसंत आहे, देणंघेणं काही नको. फक्त तारीख याच महिन्यातली धरा. उद्या भाऊंच्या तब्येतीचं काही कमी-जास्त झालं, तर सगळंच लांबतं. तिच्या शिक्षणाचं काय, असं भारतनं विचारलं. वसंतराव बघू म्हणाले. लग्न झाल्यावर कोण अडवतंय, असं अप्पारावांनीच परस्पर सांगून टाकलं आणि कॅलेंडर खाली काढलं.

"दादा," भारत म्हणाला, "त्याच मांडवात माझा मेल्यावरचा जलदानविधीबी उरकून घ्या. खर्च वाचंल."

कुणीच हसलं नाही. अप्पाराव तोंड सांभाळ म्हणाले. मग त्यांनी एक तारीख वाचली. वसंतरावांनी ती मोबाइलमध्ये पाहिली आणि मान डोलावली.

तेवढ्यात फोन वाजला.

कॅलेंडर अप्पारावांच्या हातात तसंच राहिलं. भारतनं फोन काढून स्क्रीनकडे पाहिलं. एरवी तो कुणाचाही फोन ओट्यावर जाऊन घ्यायचा. आज बसल्या जागी कानाला लावला.

"हां, बोला, डॉक्टर."

तो बराच वेळ ऐकत राहिला. ज्योत्स्नानं दाराची चौकट धरली.

"म्हणजे कॅन्सर न्हाई? बिलकुल?" मग थोडं थांबून, "बरं झालं. थँक्यू, डॉक्टर."

त्यानं फोन खिशात टाकला. काही निघालं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. अप्पारावांनी गमछा डोळ्यांना लावला. वसंतरावांनी उठून भारतचे दोन्ही हात धरले.

"आता घाई कशाची?" भारत म्हणाला. "पोरीची शिक्षणाची दोन वर्षं होऊ द्या. मंग या. तिच्या मनात आसंल तर बोलू. चहा मी स्वतः आणून देईन तुम्हाला."

बराबर आहे, असं वसंतराव म्हणाले. प्रेमनं पहिल्यांदाच मान वर केली.

ज्योत्स्ना आत धावली. आकांक्षा भिंतीला टेकून उभी होती. फोन कानाला, दुसरा हात तोंडावर.

"ऐकलंस का, बाई?"

आकांक्षानं मान हलवली. फोन मात्र खाली घेतला नाही. ज्योत्स्नानं तो तिच्या हातातून काढून घेतला. स्क्रीनवर 'पप्पा' होतं. कॉल चालूच होता.

"तू केल्ता फोन?"

"म्हणलं, हो म्हणून टाका, पप्पा. मी तयार हाये."

"मंग?"

"मंग ते म्हणले, थँक्यू, डॉक्टर."

बाहेर अप्पाराव पेढे आणायचं म्हणत होते. "पेढे कशाला, दादा? तोंडात साखर घाला," भारत म्हणाला. त्याचा आवाज दारातून आला, आणि किंचित मागून ज्योत्स्नाच्या हातातल्या फोनमधूनही.

ज्योत्स्नानं कॉल कट केला. त्याची लाइन मोकळी राहायला हवी होती. मग तिनं डोळे पुसले, फळीवरचा साखरेचा डबा घेतला आणि बाहेर जाऊन पहिली चिमूट अप्पारावांच्या हातावर ठेवली.

दवाखान्याचा फोन अजून यायचा होता.