बसल्या बसल्या

निरोपसमारंभात वॉर्डातल्या पोरींनी दिलेली वेताची खुर्ची कालिंदीनं गॅलरीत ओढली आणि अंग टाकलं. तेहेतीस वर्षं नर्सची नोकरी तिनं उभ्यानं केली होती. निवृत्त होऊन आज आठवडा झाला होता.

ती टेकते न टेकते तोच नवऱ्यानं मेथीची जुडी तिच्या मांडीवर ठेवली. "बसल्या बसल्या तेवढी निवडून टाक."

काल तिनं बसल्या बसल्या पाव किलो लसूण सोलला होता. परवा नवऱ्याच्या शर्टांना बटणं लावली होती. त्याच्या आदल्या दिवशी सुनेनं कापूस आणून दिला, तर शंभर वाती वळून झाल्या होत्या. आताही तिचा हात सवयीनं जुडीच्या दोऱ्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

निवृत्तीनंतर काय करणार, असं सगळे विचारायचे. यात्रा करीन, पेटी शिकेन, असं काहीबाही ती सांगायची. खरं उत्तर तिला आत्ता कळलं. तिला हे दोन हात रिकामे हवे होते.

तिनं जुडी नवऱ्याला परत दिली.

"अगं, पण तू करतेयस काय एवढं?"

"बसलेय."

"ते दिसतंय. बसून काय करतेयस?"

"काही नाही. आणि तेच करायचंय मला."

नवरा जुडी घेऊन घुटमळला. "मग हिचं काय करू?"

कालिंदीनं दोन्ही पाय समोरच्या कठड्यावर ठेवले.

"उभ्या उभ्या निवडा. जमतं. तेहेतीस वर्षं मला जमलंय."