खांबावरचा बुलबुल

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर गोष्टीतलं पाखरू ऐकू येणार नाही.

सोसायटीतली झाडं पार्किंगसाठी तोडली. मग सकाळ सुनीसुनी वाटू लागली, म्हणून चेअरमनकाकांनी खांबावर स्पीकर लावून घेतला. बटण दाबलं की बुलबुल गायचा. लोक खूश. पण कुठूनसा एक खराखुरा बुलबुल त्या आवाजाला भुलला. चोचीत काडी धरून यायचा, जोडीदार शोधत खांबाभोवती घिरट्या घालायचा. दाणा टिपायचंही विसरला, पार वाळून गेला.

सोसायटीच्या वायरमनचा त्याच्यासाठी जीव तुटायचा. स्पीकर त्यानेच जोडला होता ना.

"काका, बंद करू या. फसतंय हो ते बिचारं."

"तू वायरी बघ. पाखरांचं पाखरं बघतील."

"कुठे बसून बघतील? फांदी ठेवलीत का एक तरी?"

"तोंड फार चालतं तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने पक्कड घेतली, वायरच कापली आणि भांडायच्या तयारीने खांबाखाली उभा राहिला. बुलबुल आला. हाक मारायचा, थांबून ऐकायचा, पुन्हा हाक मारायचा. तेवढ्यात काका चहाचा कप घेऊन गॅलरीत आले.

"अरे, आज आवाज बारीक येतोय. जरा मोठा कर."

वायरमनने संतापून तुटकी वायर वर धरली. "काका, हा स्पीकर नाही. हा खरा आहे."

"खरा का असेना. मोठा कर म्हटलं ना."

मायबाप हो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या पाखराची आठवण ठेवा. ते अजून हाक मारतंय, आणि उत्तर येतं का म्हणून थांबून थांबून ऐकतंय.