उतरलेलं बिल

या, जरा जवळ सरका. एका सासऱ्यांची गोष्ट ऐकवायची आहे. विजेचे दर भडकले, तेव्हा सुनेने जुनी वीजकंपनी मुदतीआधी सोडण्याचा दंड भरून नवी धरली. महिन्याभरात नव्या कंपनीनेही दर चढवले. नवऱ्याने टोमणा मारला, “दंडाचे पैसे पाण्यात घातलेस. फिटली हौस?” ती मान खाली घालून भांडी विसळत राहिली. आतल्या खोलीत हीटरपाशी बसलेल्या सासऱ्यांनी ते ऐकलं. ऐन थंडीतही पुढचं बिल निम्म्यावर आलं. “बघा मामंजी, तुमच्या सुनेचा हिशेब!” “हुशार आहेस गं बाई,” सासरे पांघरुणातून हसले. त्याच हिवाळ्यात छातीत कफ भरून ते गेले. त्यांची खोली झाडताना सुनेने कोपऱ्यातला हीटर पुढे ओढला. त्याच्या तारांवर कोळ्याने अख्खं जाळं विणलं होतं. तिने झाडू खाली ठेवला. “माझी मान वर राहावी म्हणून गारठलात, मामंजी?” बाबांनो, ऊब घ्याल तेव्हा देवासोबत त्यांनाही आठवा.