सातव्या पानावरची ओळ

जुन्या सहकारी बाईंच्या पत्राला त्यानं दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. "दुसऱ्यांसाठी कंपन्यांच्या किमती काढत किती वर्षं बसणार? आमच्याकडे या, आपणच विकत घेऊ," असं त्यांनी लिहिलं होतं. होकार लिहून झाला होता, पण पाकीट खणातच होतं. साहेब उठताबसता म्हणायचे, "तुझ्यासारखे छप्पन मिळतात." ते त्याला पटलंही होतं.

आता साहेब स्वतःची फर्म विकायला निघाले होते. बाहेरच्या मूल्यांककाचा अहवाल तपासायला त्याच्याकडेच आला. सातव्या पानावर नेहमीचा प्रश्न होता : कोण सोडून गेलं तर फर्मची किंमत पडेल? खाली साहेबांचं नाव नव्हतं. त्याचं एकट्याचं होतं, आणि पुढे लिहिलं होतं, चाळीस टक्के.

साहेब त्याच्या खांद्यावरून वाचत होते. "ती ओळ खोड. गिऱ्हाईक बिचकेल."

"पण खरी असेल तर?"

"खरी कशानं? तू कुठं जाणार आहेस?"

त्याची पेन्सिल ओळीवर टेकली, थांबली. मग त्यानं ती खाली ठेवली आणि खण उघडला.

"इथंच, साहेब. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत."

पाच मिनिटांत तो परत आला, तेव्हा त्याचे हात रिकामे होते आणि ती ओळ खरी झाली होती.